गाडीत बिऱ्हाड, कोयनेच्या पल्याड: साताऱ्याहून कॅम्परव्हॅननं कांदाटी खोऱ्यात

कांदाटी खोरं सातारा जिल्ह्यातच आहे, महाबळेश्वर तालुक्यात. पण पाणी न ओलांडता साताऱ्याहून तिथं जायचं म्हटलं, तर महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड, खोपी आणि मग रघुवीर घाट चढून खोऱ्यातलं शिंदी, अशी वारी करावी लागते. रायगड आणि रत्नागिरी असे दोन जिल्हे तुडवून परत आपल्याच जिल्ह्यात! नुसतं महाबळेश्वरपासून मोजलं तरी शंभर किलोमीटरच्या वर पडतं. १९६०च्या दशकात कोयना धरण झालं, खोऱ्यात पाणी चढलं, कित्येक गावं उठून सोलापूर, सांगली, ठाण्याकडं गेली. जी वरच्या अंगाला राहिली, त्यांच्यासमोर शिवसागर जलाशय आला आणि पाठीशी सह्याद्रीची धार. तसं बघितलं तर ही बेटं नव्हेत. पण लाँच चुकलेल्या माणसाला विचारा, तो बेटच म्हणेल.

अशा गावात आपली झोपायची सोय असलेली गाडी घेऊन दोन-तीन मुक्काम करायचे, त्याची ही तयारी. बहुतेक जण सुरुवात गाडीपासून करतात: पलंग कसा, पडदे कुठले, फ्रीज बसेल का. इथं ते उपयोगाचं नाही. हा प्रवास पाण्यापासून मागं आखायचा. आधी तराफ्याची चौकशी, मग पल्याडच्या गावात उतरायची जागा आणि सगळ्यात शेवटी गाडी.

आधी पाणी विचारा

जलाशयाच्या अल्याडच्या काठावर तापोळा हे गाव आहे. तिथं गाड्या पलीकडं नेणारा तराफा आहे. कागदोपत्री त्याला बार्ज म्हणतात, लोक तराफाच म्हणतात. त्याची पहिली आणि शेवटची फेरी, दुपारची सुट्टी, डिझेल आलंय का, यंत्र दुरुस्तीला आहे का, हे सगळं निघायच्या आदल्या संध्याकाळी तापोळ्यात फोन करून विचारायचं. इंटरनेटवरचं वेळापत्रक धरून निघू नका. तुमच्या ओळखीचं तिथं कुणी नसेल, तर तापोळ्यातल्या एखाद्या खानावळीचा नंबर मिळवा. खानावळवाल्याला समोरच धक्का दिसत असतो, त्याच्याइतकी ताजी खबर कुणाकडं नसते. तापोळा–आहिर पुलाचं काम बरंच गाजलेलं आहे, तेव्हा पुलाचं कुठवर आलंय आणि गाड्या सोडतात का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

दुसरा प्रश्न पाणी किती आहे हा. धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. ते जूनपासून भरत जातं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काठोकाठ होतं. ऑक्टोबरात पाणी थेट झाडांच्या बुंध्याला लागलेलं असतं, तेव्हा तराफा रस्त्याच्या जवळ लागतो आणि गाडी सरळ चढते. मार्चनंतर पाणी उतरत जातं, तराफा लागायची जागा खाली खाली सरकते आणि डांबर संपून मातीचा, खडीचा उतार सुरू होतो. एप्रिल-मे मध्ये हा उतार लांबच लांब होतो. अशा वेळी लहान गाडीसुद्धा घाम फोडते, मोठी व्हॅन असेल तर नादच करू नका.

म्हणून माझं मत सरळ आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर देखणा असतो, पण शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावर फुलं बघायला आलेल्या गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात जायचंच नाही. महाबळेश्वरच्या या पट्ट्यात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दरडी येतात, वारा सुटला की तराफा बंद आणि रघुवीर घाटही अनेकदा बंद. म्हणजे पुढची वाट गेली आणि मागचीही गेली.

गाडी: जितकी लहान तितकी चांगली

ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली मोठी कॅम्परव्हॅन भाड्यानं मिळते. आत उभं राहता येतं, संडास असतो, सगळं थाटात. तापोळ्यापर्यंत ती बिनघोर जाईल. पल्याड मात्र मला ती नको. रस्ता एकेरी, बाजूला गटार नाहीतर दगडी बांध, वळणावर आंब्या-जांभळाच्या फांद्या खाली आलेल्या आणि वाडीत शिरताना विजेच्या तारा लोंबलेल्या. समोरून वडाप जीप, म्हणजे सीटवर माणसं नेणारी जीप, आली की कुणीतरी एकानं पाव किलोमीटर मागं जायचं असतं, आणि तो एक म्हणजे पाहुणा. मोठ्या गाडीच्या मागच्या चाकापासून मागं जो भाग बाहेर येतो, तोच तराफ्याच्या फळीवर घासतो.

मारुती ईकोसारखी गाडी इथं खरी कामाची. लांबी पावणेचार मीटरच्या आत, रुंदी दीड मीटरहून कमी आणि जोर मागच्या चाकांना. सामान मागं भरल्यावर चढावर त्याच चाकांवर वजन येतं, त्यामुळं ओल्या मातीवर चाक कमी फिरतं. पोट मात्र खाली आहे, ते लक्षात ठेवायचं. बोलेरो असेल तर उत्तमच. दोघांना झोपायला सहा फूट लांब आणि चार फूट रुंद फळी पुरते.

फळी काढता-घालता येणारी करा. सीट कायमच्या काढणं, छत कापणं, गॅसची किंवा विजेची पक्की जोडणी करणं हे गाडीच्या मूळ नोंदणीशी खेळणं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असे बदल मंजुरीशिवाय चालत नाहीत. आरटीओ सोडा, अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. भाड्याची गाडी घेत असाल तर नोंदणी पुस्तकात कॅराव्हॅन असं लिहिलंय का, परवाना आणि विमा चालू आहे का, हे कागद हातात घेऊन बघा. फोटोवर भागवू नका.

मग भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या. हे कुणीच करत नाही आणि म्हणूनच सांगतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साठ लिटर पाणी, बॅटरी, भांडी, गाद्या, कोळसा, खुर्च्या आणि दोन माणसं असं करत करत किती किलो झाले ते कळत नाही. साताऱ्यात एमआयडीसीकडं काटे आहेत. आधी पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन लिहा, मग पूर्ण गाडीचं. मागच्या चाकांवर फार भार येत असेल तर पाण्याचे कॅन पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. गाडीची उंची, लांबी आणि वजन एका चिठ्ठीवर लिहून काचेच्या आतून चिकटवा. तराफ्यावरचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो: "किती टनाची हाय?"

वीज, पाणी, गॅस आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते

विजेचा हिशेब कागदावर मांडा. बारा व्होल्टचा लहान फ्रीज दिवसाला साधारण साडेचारशे वॅट-तास खातो. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर दोनशे. दिवे आणि दोन मोबाइल मिळून शंभर. झाले साडेसातशे. शंभर अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत जवळपास साडेबाराशे वॅट-तास असतात, म्हणजे दीड दिवस निघाला. तीच साधी इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे एक दिवससुद्धा नाही. छतावर दोनशे वॅटचं सोलर पॅनल असलं तरी खोऱ्यात हिवाळ्यात सकाळी उशिरापर्यंत धुकं आणि डोंगराची सावली असते. पुस्तकातलं ऊन इथं मिळत नाही. माझ्या मते दोन-तीन दिवसांसाठी फ्रीजच नको. हिवाळ्यात पंखाही लागत नाही. मग वीज उरतेच.

नेहमीच्या चौदा किलोच्या घरगुती सिलिंडरऐवजी पाच किलोचा छोटा न्या, तो उभाच राहील असा पट्ट्यानं आवळा. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, फळीखाली जाऊन बसतो, म्हणून गाडीला खाली कुठंतरी हवा जायला वाट हवी. स्वयंपाक शक्यतो बाहेर. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखारे घेऊन बंद गाडीत झोपणं, हे जीव घेणारं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन वाकळा जास्त घ्या. काचा दोन बोटं उघड्या ठेवल्या तर थंडी थोडी येईल, पण सकाळी छतावरून दवाचं पाणी अंगावर ठिबकणार नाही.

आता संडास. जलाशयाचं पाणी काठावरची गावं पितात, वापरतात. त्यामुळं पाण्यात काहीही सोडायचं नाही, साबणाचं पाणीसुद्धा नाही. भांड्यांचं पाणी गाळून, खरकटं वेगळं काढून, काठापासून चांगलं पन्नास-साठ पावलं वर मातीत ओतायचं. गाडीत बादलीचा कोरडा संडास सगळ्यात सोपा: झाकणाची मजबूत बादली, जाड पिशवी, लाकडाचा भुसा. निळ्या रसायनाचा पेटीसंडास असेल तर तो गावातल्या शौचखड्ड्यात रिता करू नका, त्या रसायनानं खड्ड्यातले कुजवणारे जंतू मरतात आणि पुढं घरवाल्याला निस्तरावं लागतं. ते घरी आणायचं, आपल्या शहरात. सुक्या कचऱ्याच्या पिशव्याही परत. पल्याड घंटागाडी येत नाही.

रस्ता: कासवरून की मेढ्यावरून

दोन वाटा आहेत. पहिली यवतेश्वर घाट चढून कास पठारावरून बामणोली, साधारण चाळीस किलोमीटर, आणि तिथून काठाकाठानं तापोळा. कास २०१२ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. रस्ता देखणा, पण बामणोलीकडं उतरताना वळणं आवळ. दुसरी वाट मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटर खाली तापोळा. लांब पडते, पण भरलेल्या गाडीला सोपी. जाताना मेढ्यावरून जा, येताना रिकामी झालेली गाडी कासवरून आणा.

टाकी साताऱ्यातच फुल्ल करा. रोख पैसेही इथंच काढा, सुट्टे घ्या. पल्याड मोबाइलला रेंज असेल तर नेट नसतं, नेट असेल तर पैसे जात नाहीत. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि घरी एका माणसाला सांगून ठेवा: अमक्या दिवशी अमक्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर तापोळ्यात अमक्याला विचार.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात, जळक्या रबरासारखा वास येतो आणि मग पॅडल खोल जायला लागतं. वास आला की थांबा, थंड होऊ द्या, चाकावर पाणी मारू नका. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा घाटाचा जुना नियम. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गाडी नको: गवे रस्त्यात उभे असतात, काळ्या अंगावर दिव्याचा उजेडही नीट पडत नाही, पुढं येऊन ठेपल्यावरच दिसतात. नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. भातकापणीचे दिवस असतात, रस्त्याच्या कडेला चवाळ्यावर भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून चाक घालू नका. वर्षाचं खाणं आहे ते.

तराफ्यावर

तापोळ्याला सकाळीच पोचा, शेवटच्या फेरीच्या भरवशावर नाही. धक्क्यावर गाडी रांगेत लावा, उतरा आणि चालत जाऊन उतार बघा. पायानं बघा. माती टाचेखाली दबते का, फळी आणि तराफा यांच्यात किती अंतर आहे, गाडीचं पुढचं नाक आणि मागचं शेपूट कुठं टेकेल. ईको किंवा जीप असेल तर प्रश्न नाही. लांब गाडी असेल तर तराफ्यावरच्या माणसांना सांगा, ते चाकाखाली जादा फळ्या देतात. त्यांना "दादा" म्हणा, घाई करू नका आणि ते हातानं जी खूण करतील तीच धरा. मागं उभ्या असलेल्या चार जणांच्या चार खुणा बघितल्या तर गाडी पाण्यात जाईल.

रांगेत गावची जीप, दूधवाला, आजारी माणूस किंवा शाळेचे मास्तर असतील तर त्यांना आधी जाऊ द्या. त्यांचं काम आहे, आपली हौस आहे. एक फेरी गेली तर गेली.

चढायच्या आधी गॅसचा खटका बंद करा. गाडीत फक्त चालक ठेवा, बाकी सगळे चालत चढतील. चालकानं सीटबेल्ट काढायचा आणि काच पूर्ण खाली घ्यायची. पहिला गिअर, हळू आणि सलग. फळीवर मध्येच थांबलात की मागचं चाक फिरायला लागतं आणि फळी सरकते. वर गेलं की त्यांनी दाखवलेल्या जागी थांबा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवा, आणि पुढं-मागं चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. ठोकळे आपले आपण न्या, तिथं मिळतीलच असं नाही. मग चालकानंही गाडीतून उतरायचं. लाइफ जॅकेट असेल तर घालायचं, पोहता येतं म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही. भरल्या जलाशयाखाली जुनी शेतं, झाडांचे खुंट, पडक्या भिंती आहेत.

मे महिन्यात दुपारनंतर वारा उठतो आणि तराफा मध्यावर हेलकावे खातो. हिवाळ्यात सकाळी धुकं इतकं दाट असतं की समोरचा काठ दिसत नाही, पहिली फेरी उशिरा सुटते. दोन्ही वेळेला चिडून उपयोग नाही. धक्क्यावर चहा मिळतो.

एक सल्ला, हवं तर ऐका. गाडी मोठी असेल, पाणी उतरलेलं असेल किंवा रांगेतल्या गाववाल्यांनी एकमेकांकडं बघून मान हलवली, तर गाडी अल्याडच लावा. तापोळ्यात नाहीतर बामणोलीत ओळखीच्या अंगणात पैसे देऊन ठेवा, पाठीवरची पिशवी आणि अंथरूण घ्या आणि माणसांच्या लाँचनं पलीकडं जा. रात्री मुक्कामाला कुणाच्या तरी पडवीत जागा होते. गाडी नेलीच पाहिजे हा हट्ट असेल तर दुसरं खोरं निवडा.

पल्याड: गाडी कुठं लावायची

उतरल्यावर पहिला प्रश्न येतो: "कुणाकडं आलाय, पाव्हणं?" याला उत्तर हवं. "असंच, फिरायला" हे उत्तर तिथं चालत नाही. तसं म्हणणारी माणसं झाडं बघायला, जमीन घ्यायला किंवा शिकारीला आलेली असतात असा अनुभव गावाला आहे. म्हणून निघायच्या आधीच एका घराशी बोलून ठेवा. अवघड नाही. या खोऱ्यातली निम्मी माणसं मुंबई-नवी मुंबईत आहेत, माथाडी कामात, बाजारपेठेत, गिरण्या होत्या तेव्हा गिरण्यांत. साताऱ्यात चार जणांना विचारलं तर कुणाचा तरी चुलता, मामा, मेहुणा उचाटचा, अकल्प्याचा, वाघावळ्याचा निघतो. त्याचं नाव घ्यायचं. एवढ्यानं अर्धं काम होतं.

गावात शिरल्यावर आधी पोलीस पाटील किंवा सरपंच, मग घरातली वडीलधारी. चप्पल काढून ओट्यावर बसा, पाणी घ्या, चहा नको म्हणू नका. गाडीचा नंबर, किती माणसं, किती रात्री हे आपणहून सांगा. मुक्काम कुणाच्या जागेत करणार हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. साधारण जागा मिळते ती देवळाजवळच्या मोकळ्या पटांगणात किंवा शाळेच्या आवाराबाहेर. देवळाच्या सभामंडपासमोर गाडी आडवी लावू नका, खळ्यावर लावू नका आणि फणसाखाली तर नाहीच. गुरांची वाट कुठून जाते ते विचारा, संध्याकाळी ती त्याच वाटेनं परत येतात आणि गाडीशी त्यांचं काही देणं-घेणं नसतं.

अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम नाही, चूल नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गावची हद्द कुठं संपते आणि वनखात्याची कुठं लागते हे रस्त्यावर लिहिलेलं नसतं, गावकऱ्यांना झाडावरून कळतं. विचारा. वासोटा किल्ला करायचा असेल तर तो वेगळा कार्यक्रम: वनखात्याची परवानगी, बामणोली किंवा तापोळ्यातून लाँच, पायथ्याला मेट इंदवली, आणि संध्याकाळच्या आत परत.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरलं की काठावर सपाट, मोकळी जमीन दिसते. गाडी लावायला याहून सुंदर जागा नाही असं वाटतं. ती गाळाची जमीन आहे, काही जण तिच्यात गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणी, करतात. वरचा पापुद्रा वाळून भेगाळतो, पांढुरका दिसतो, त्यावरून माणूस चालतो तेव्हा टणक लागतो. हातातली काठी त्यात खुपसून बघा: दोन बोटं कोरडी माती, खाली काळपट ओलसर लोणी. गाडीचं मागचं चाक तिथं गेलं की फिरतं आणि फिरता फिरता खाली बसतं. मग ट्रॅक्टर शोधा. ट्रॅक्टर दुसऱ्या वाडीत, डिझेल तिसऱ्या. ओढायची कडी गाडीला कुठं आहे हे घरीच बघून ठेवा, दोर जाड घ्या, आणि अडकलोच तर एक्सलेटर न देता आधी चाकातली हवा कमी करून पुढं पोती घाला.

गाडी तोंड रस्त्याकडं करून लावा. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गावात तुमचीच गाडी उभी असेल, आणि नेणं तुमच्यावरच आहे. सपाटी बघायला मोबाइलमधलं लेव्हल वापरा, चाकाखाली चपटे दगड देऊन डोकं किंचित वर येईल असं करा.

गावात राहताना

पहिल्या रात्री जेवण घरी सांगा आणि त्याचे पैसे द्या. पैसे घरातल्या बाईच्या हातात द्या, "मावशी, राहू द्या" म्हणून. नाचणीची भाकरी, भात, कुळथाचं पिठलं आणि नशीब असेल तर जलाशयातली मरळ किंवा वाम. मासे मिळाले तरच, हट्ट नको. आपल्याकडची पाकिटं उघडून त्यांच्या ओट्यावर खात बसणं बरं दिसत नाही. जाताना न्यायचंच असेल तर साताऱ्याहून कंदी पेढे घ्या, म्हाताऱ्यांना चालतात. चॉकलेटं पोरांना वाटत फिरू नका, दुसऱ्या दिवसापासून गाडीमागं रांग लागते. आणि दारू आणू नका. कुणी मागितली तरी नाही.

मोठ्या आवाजात गाणी लावायची नाहीत, रात्री नवानंतर तर अजिबात नाही. ड्रोन उडवायच्या आधी दोनदा विचार करा: धरण, अभयारण्य, वनखातं, सगळेच हरकत घेतील. बायका धुणं धुतात त्या काठावर कॅमेरा घेऊन जाऊ नका. पोहायचं असेल तर गावातल्या एका माणसाला सोबत घ्या.

चैत्र-वैशाखात गावच्या जत्रा असतात, तेव्हा मुंबईकर परत येतात, घरं उघडतात, तराफ्याला रांग लागते. त्या दिवसांत बोलावणं असेल तर जरूर जा, बोलावणं नसेल तर गाडी घेऊन मध्येच घुसू नका. त्यांना स्वतःलाच झोपायला जागा नसते.

औषधं बरोबर ठेवा. तापोळ्याला आणि बामणोलीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण रात्री मध्ये पाणी आहे. घोणस, मण्यार, नाग आणि फुरसं हे चारही या भागात सापडतात. संध्याकाळनंतर बूट आणि बॅटरी, गाडीचे दरवाजे बंद, बूट आत. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नको. हात-पाय हलू न देता माणसाला आडवा करा, लगेच गावात सांगा आणि १०८ ला फोन करा. रात्री लाँच कोण काढतो हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं असतं ते यासाठी. आणि एखाद्या रात्री गाडी थोडी हलली, भांडी किणकिणली, तर घाबरू नका. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा मोठा भूकंप झाला, तेव्हापासून लहान धक्के या भागाला सवयीचे आहेत. गाडीत आहात तर घरापेक्षा बरे आहात. फक्त कड्याखाली किंवा जुन्या भिंतीला लागून गाडी लावलेली नसावी.

परत

परतीच्या दिवशी पहिली फेरी धरा. शेवटची नाही. तराफा बंद पडला तर दुपारची लाँच तरी असते, आणि रघुवीर घाटानं खेडला उतरायचं ठरलं तरी दिवसाचा उजेड हातात राहतो. हा घाट भरलेल्या गाडीनं उतरायचा असेल तर आदल्या दिवशी ब्रेक बघून घ्या आणि शिंदीत कुणालातरी रस्ता चालू आहे का विचारा.

जागा सोडताना चाकाखालचे दगड होते तिथं परत ठेवा, बांधाचे असतील तर बांधावर. चुलीची राख गार करून पसरा. पाणी उरलं असेल तर जवळच्या झाडाला घाला, उगीच घाटावर ओझं वाहू नका. कचऱ्याच्या पिशव्या आणि संडासाची बादली गाडीच्या मागच्या दाराशी बांधा, आत नको.

साताऱ्यात आल्यावर गाडीचं पोट पाण्यानं धुऊन घ्या. तराफ्याच्या उताराची माती सायलेन्सरवर आणि ब्रेकच्या नळीभोवती वाळून बसते. मेकॅनिककडून मागची लाइनर आणि ब्रेक ऑइल बघून घ्या, चाकात हवा पूर्ववत भरा. आणि ज्या घरी उतरला होतात त्यांचे फोटो काढले असतील तर ते मोबाइलवर पाठवून भागत नाही, रेंज नाही. छापून घ्या, मुंबईतल्या त्यांच्या पोराकडं नाहीतर तापोळ्याच्या खानावळीत पोचते करा, तिथून लाँचनं बरोबर जातात.